मग दारं उघडली

कोणाविषयी लिहायचे तर त्या माणसाविषयी आपल्याला पुरेसे ठाऊक असावे लागते, आणि शिवाय लिहिता यावे लागते. माझ्याकडे या दोन्हींपैकी एकही गोष्ट खात्रीने आहे असे म्हणवत नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील गावात कपडे शिवतात. कापडावर खडूने रेघ मारणे एवढेच त्यांचे लेखन, पण ती रेघ कधी वाकडी जात नाही. माझी जाईल. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. अनंतकाकांविषयी लिहिणारे दुसरे कोणी असते तर मी हे धाडस केले नसते. पण त्यांना मूलबाळ नव्हते, आणि त्यांना सिनेमांचे शेवट सांगायचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते.

हे काम काय होते ते ओघात येईलच.

स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, कलकत्त्याला फोर्ट विल्यममध्ये लष्करी कचेरीत होता. त्याने मला कॉलेजसाठी वऱ्हाडातून बोलावून घेतले. त्याला बराकीत राहावे लागे, म्हणून माझी सोय त्याने भवानीपुरात अनंतराव सोहोनी यांच्याकडे केली. काका जन्मापासून कलकत्त्याचे. एस्प्लनेडजवळच्या एका विलायती कंपनीत हेडक्लार्क. त्यांचे मराठी घरात शिकलेले, म्हणून शुद्ध. पण आनंद झाला की तोंडून ‘दारुण!’, म्हणजे बंगालीत ‘झकास!’, निघायचे आणि चिडले की सरळ बंगालीत शिरायचे. काकी लग्न होऊन साताऱ्याहून आलेल्या. इतकी वर्षे राहूनही बंगाली तेवढे बाजारापुरते.

मी फार भित्रा होतो. गावाकडे कलकत्त्याचे नाव निघाले की लोक दंगलीचेच बोलत. आई निघताना म्हणाली होती, ‘संध्याकाळी दार लावून घरात बस.’ म्हणून पहिल्याच दिवशी जेवणे झाल्यावर मी उठून दाराला कडी घालायला गेलो.

‘राहू दे,’ काका म्हणाले.

‘चोर...’

‘येऊ दे.’

काकी आतून म्हणाल्या, ‘आला तर त्याला विचार, चहा घेणार का. आमच्याकडे दार लावत नाहीत बाबा. तुझ्या काकांना दाराचं वावडं आहे. न्हाणीघराचं दारसुद्धा अर्धं उघडं ठेवून गाणं म्हणतात, म्हणजे कोणी येऊ नये.’

मी कित्येक महिने त्या उघड्या दाराकडे पाय करून, उशाशी कंदील ठेवून झोपत होतो. काका स्वतः दाराजवळच्या बाकावर झोपायचे. मला वाटे, किती धीट माणूस आहे.

सिनेमा हा त्यांचा धर्म होता म्हटले तरी चालेल. शनिवारी कचेरी लवकर सुटायची. घरी येऊन ते चहा घेत, धोतर बदलत, आणि ‘नामू, चल’ म्हणत. पण थिएटरात शिरल्यावर ते लगेच जागेवर बसत नसत. आधी भिंतीकडेने पूर्ण फेरी घालत. प्रत्येक दार ढकलून बघत. उघडले की मान हलवत, पुढच्याकडे जात. आमच्या नेहमीच्या थिएटरातला डोअरकीपर हरिपद त्यांना लांबूनच सलाम ठोकायचा, ‘या, इन्स्पेक्टरबाबू आले! दार पास की नापास?’

‘मधलं कुरकुरतंय. तेल घाल.’

‘घालतो. तुम्ही तिकीट काढून येता की पगार घेऊन येता, तेवढं सांगा.’

मग काका रांगेतल्या अगदी कडेच्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसत. आणि खेळ संपायला थोडा वेळ राहिला की उठून बाहेर जात. सिनेमा कोणताही असो. नायिका विष पिण्याच्या बेतात असो, की खुनी कोण ते पुढच्याच वाक्यात कळणार असो. ते उठत, माझ्या खांद्यावर बोट ठेवत आणि निघत. मी शेवटपर्यंत बसायचे आणि बाहेर पानाच्या दुकानासमोर त्यांना शेवट सांगायचा, हे माझे काम.

तेही साधे नव्हते. मी म्हणे, ‘तिने विषाचा पेला खाली टाकला.’

‘मग?’

‘मग नवऱ्याने माफी मागितली.’

‘मग?’

‘मग समाप्त.’

‘मग?’

पहिल्यांदा मला कळेना, समाप्तनंतर काय सांगायचे. मी गोंधळून म्हणालो, ‘मग दिवे लागले. मग दारं उघडली.’

‘हां,’ असे म्हणून त्यांनी रोखलेला श्वास सोडल्यासारखे केले. ‘दारुण. चल आता.’

त्यानंतर मी कधी ते वाक्य गाळले नाही. ‘मग दारं उघडली’ म्हटल्याशिवाय त्यांच्यासाठी सिनेमा संपायचाच नाही.

त्यांची सिनेमांविषयीची मते ऐकायला त्यांच्या कचेरीतली मंडळीही जमत. काका गंभीर चेहऱ्याने बोलायचे आणि लोक हसायचे. ते पौराणिक चित्रपटाला पहिला नंबर देत. ‘त्यात शेवट घरूनच माहीत असतो. राक्षस मरणार. तू मध्येच उठलास तरी तो जिवंत राहत नाही.’ मारधाडीचा सिनेमाही त्यांना आवडे. ‘तलवार बघितलीस? उन्हात धरली तरी चमकत नाही. पत्र्याची आहे. ज्याला ती लागली तो हात कुठे ठेवू, कुठे ठेवू करत पडतो. पडताना जागा पुसून घेतो. असं मारणारे आणि असं मरणारे असते, तर जग किती चांगलं झालं असतं, नामू.’

सामाजिक चित्रपटांवर त्यांचा राग होता. ‘एक चिठ्ठी वेळेवर पोचली असती तर सिनेमा अर्ध्या तासात संपला असता. सगळे घरातल्या घरात गप्प बसतात आणि आपल्याला तिकीट काढायला लावतात.’ हे वाक्य ते मोठ्या तावातावाने बोलत. ते त्यांना स्वतःलाच किती लागू आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हते, त्यांनाही नसावे. प्रेमाच्या सिनेमात त्यांना गाणी हवी असत, बाकीचे काही नाही. ‘बागेत दोघं गातात, पाठीमागे पडद्यावर रंगवलेला डोंगर. त्या डोंगरावर सुरकुती पडलेली असते. मी त्या सुरकुतीकडे बघतो. फार बरं वाटतं.’

आणि भुताचा सिनेमा! मी गावचा, भुतांवर पूर्ण विश्वास असलेला. पडद्यावर ओसाड हवेली आली, दिवा विझला, की मी खुर्चीवर पाय वर घेई. काका शांत. दाणे खात. ‘घाबरू नको रे. भुतासारखं सभ्य कोणी नाही. येण्याआधी वाऱ्याला पाठवतं, कुत्र्याला रडायला सांगतं, मग येतं. माणूस तेवढंही करत नाही.’

मी विचारले होते, ‘काका, मग तुम्हाला भीती कशाची वाटते?’

‘विनोदी सिनेमाची,’ ते म्हणाले. कचेरीतली मंडळी खो-खो हसली. काका हसले नाहीत. विनोदी चित्रपटाला ते कधी जात नसत. जाहिरातीत टोपी उडालेला नट दिसला तरी रस्ता ओलांडून पलीकडून चालत.

काकी त्यांच्याबरोबर सिनेमाला येत नसत. ‘अर्ध्या जेवणावरून उठणाऱ्याच्या शेजारी कोण बसणार?’ असे म्हणत. पण त्यांना हसायची फार हौस होती, आणि घरात हसण्यासारखे फारसे घडत नसे. शेजारच्या बंगाली बायका एखादा गमतीचा सिनेमा पाहून आल्या की काकी गच्चीवर जाऊन त्यांच्याकडून तो पूर्ण ऐकून घेत, अर्धा समजत नसला तरी. एकदा मी अभ्यास करत होतो. काकी समोर बसून तांदूळ निवडत म्हणाल्या, ‘नामू, तू तरी घेऊन जा ना मला एखाद्या विनोदी खेळाला. पोट धरून हसायचंय एकदा. तोंड विसरलंय कसं हसायचं ते.’

मी हो म्हणणार तेवढ्यात दारात काका दिसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. काकी सूप घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका मला मैदानावर घेऊन गेले. किल्ल्याच्या बाजूला गवतावर बसलो. दोन भांडी चहा घेतला. मातीचे भांडे हातात फिरवत त्यांनी मला ते सांगितले. त्यांनी सांगितले तसेच लिहितो, माझ्या पदरचे काही नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी दंगल सुरू झाली तो दिवस. काका आणि काकी उत्तरेकडच्या एका थिएटरात विनोदी सिनेमा बघत होते. सासरेबुवांना भिऊन जावई तांब्याच्या हंड्यात लपतो आणि त्याचे डोके अडकते, असा काहीतरी प्रकार. मध्यंतरात बाहेरून आवाज येऊ लागले. मॅनेजरने सगळ्या दारांना आतून कुलपे घातली, बाहेरचा लोखंडी सरकता दरवाजा ओढून घेतला. त्याने ते केले नसते तर कोणी वाचले नसते, हे काकाही मान्य करत. पण लोक आत कोंडले. रडारड सुरू झाली. तेव्हा ऑपरेटरला काय सुचले कोण जाणे, त्याने सिनेमा पुढे चालू केला. संपला. समाप्तची पाटी आली. दार उघडले नाही. त्याने पुन्हा पहिल्या रिळापासून लावला. पुन्हा समाप्त. पुन्हा पहिल्यापासून. आवाज मोठा केलेला. बाहेर काय चालले होते ते त्या आवाजात मिसळून जात होते, पण पुरते नाही.

‘किती वेळा ते मोजलं नाही,’ काका म्हणाले. ‘दर वेळी पाटी आली की वाटायचं, आता उघडेल. दुसऱ्या दिवशी सोल्जर येईपर्यंत हेच.’

मी गवताची काडी तोडत राहिलो.

‘आणि नामू, तुझी काकी हसायला लागली. तोच तो हंडा, सगळे बघून बघून मेल्यासारखे बसलेले. बाहेर एक किंकाळी उठली आणि ही खदखदा हसली. पुन्हा किंकाळी, पुन्हा हसली. डोळ्यांतून पाणी. मी हात दाबला, तोंडावर हात ठेवला, तो तिनं बाजूला केला. मला वाटलं, गेली. डोकं गेलं हिचं.’ त्यांनी भांडे गवतावर ठेवले. ‘घरी आल्यावर नीट वागायला लागली. मी तो विषय काढला नाही. काढला तर पुन्हा तसं होईल. म्हणून म्हणतो, हसण्याच्या खेळाला तिला नेऊ नकोस. माझ्यासाठी एवढं कर.’

तेव्हा मला समजले की ते बंद दारांना भीत होते ते वेगळे, आणि विनोदी सिनेमाला भीत होते ते वेगळे. ती दुसरी भीती स्वतःसाठी नव्हतीच.

त्यानंतर मीही काकींच्या हसण्याला घाबरू लागलो. त्या मोठ्याने हसल्या की मी पुस्तकातून मान वर करून त्यांच्या डोळ्यांकडे बघे. काकाही बघत. काकी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत आणि हसणे आवरते घेत. आज वाटते, आम्ही दोन पुरुष मिळून त्या घरात काय करत होतो!

शेवटी काकीच हट्टाला पेटल्या. त्यांचे माहेरी साताऱ्याला जायचे ठरले होते, त्याच्या थोडे आधी. ‘मी एकटी जाते हरिपदच्या थिएटरात. बघू कोण अडवतो.’ एकटे जाऊ देणे शक्य नव्हते. त्या वर्षी शहरात पुन्हा दंगलीची कुजबुज सुरू झाली होती, दुकाने मध्येच पटापट बंद व्हायची. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत आणि मग म्हणाले, ‘तिघं जाऊ. दुपारचा खेळ.’

त्या दिवशी त्यांनी दारांची फेरी दोनदा घातली. हरिपदला बाजूला घेऊन विचारले, ‘कुलूप कुठे आहे?’

‘माझ्या खिशात, बाबू.’

‘तिथंच राहू दे.’

बसताना काका कडेला, मधे मी, पलीकडे काकी. सिनेमा खरोखर गमतीचा होता. मला मात्र त्यातले काही आठवत नाही. काकी हसत, आणि प्रत्येक वेळी काकांची बोटे माझ्या मनगटात रुतत. शेवट जवळ आला. त्यांची उठण्याची वेळ झाली होती. ते उठले नाहीत. कपाळावर घाम दिसत होता, पण बसून राहिले.

आणि पडदा एकाएकी काळा झाला. पंखे थांबले. वीज गेली असावी. पूर्ण अंधार. काका उभे राहून ओरडले, ‘दोरजा खोलो! दोरजा खोलो!’

त्या दिवसांत त्या शहरात भरलेल्या थिएटरात असे ओरडणे म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यांनाच कळेल. खुर्च्या आपटल्या. कोणीतरी ‘आग लागली, आग!’ म्हणाले. सगळे थिएटर उठून आमच्या दाराकडे लोटले. माझ्या छातीवर कोणाचे तरी कोपर आले, पायाखाली चप्पल की हात, कळेना. एक मूल ओरडत होते. मी मरणार, असे मला अगदी साधेपणाने वाटले. वडिलांची आठवण झाली.

तेव्हा काकी हसल्या.

खुर्चीवर बसूनच. मोठ्याने, घरात हसतात तशा, गळा मोकळा सोडून. आणि आपल्या मोडक्या बंगालीत म्हणाल्या, ‘किछु ना रे बाबा, काही नाही! फिलिम तुटली, तर पळता काय? अहो इन्स्पेक्टरबाबू, बसा खाली!’ पुन्हा हसल्या. अंधारात आधी पाठीमागून कोणीतरी हसले. मग आणखी एक. लोटणारी गर्दी सैल पडली, जशी पिळलेली चादर हातातून सुटावी. हरिपदने टॉर्च पेटवून सगळी दारे सताड उघडली आणि दुपारचे ऊन आत आले.

पानाच्या दुकानासमोर आम्ही तिघे उभे राहिलो. काकींच्या साडीचा पदर फाटला होता. त्या तो बघत म्हणाल्या, ‘तेव्हाही मी याचसाठी हसले होते.’

काकांनी मान वर केली.

‘पुढच्या रांगेत एक बाई दोन पोरं घेऊन बसली होती. बाहेर काही ऐकू आलं की पोरं मागं वळून माझ्या तोंडाकडे बघायची. मी हसले की त्यांना वाटायचं, आवाज सिनेमातलाच. पुन्हा समोर बघायची.’ पदर खोचत त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला वाटलं मला वेड लागलं. मला कळत होतं तुम्हाला तसं वाटतंय. एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं.’

‘तू का नाही सांगितलंस?’

‘कोणी त्या दिवसाचं नाव काढलं की तुम्ही थरथरायचात. मी कशाला काढू?’

मी पानवाल्याकडे तोंड फिरवून उभा राहिलो. ते ऐकायला मी तिथे नको होतो. मग काकांचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा, ‘आपण पाहिला नाही तो... शेवट काय असेल?’

‘मला काय माहीत? पुढच्या शनिवारी येऊ. बघू.’

ते त्याच खेळाला गेले की नाही ते मला कळले नाही. कारण त्या शनिवारी दोघेच निघाले आणि मला, ‘तुझी परीक्षा आहे, अभ्यास कर’ असे सांगून घरी ठेवले. परत आल्यावर काकांनी मला शेवट विचारला नाही आणि मीही त्यांना विचारला नाही. माझे काम संपले होते. दाराला कडी मात्र त्या घरात पुढेही कधी लागली नाही. तेवढी भीती राहिलीच. कदाचित ती जाणारीही नव्हती.

बी.ए. झाल्यावर मला नागपूरला शाळेत नोकरी मिळाली. काका मला पोचवायला हावडा स्टेशनावर आले. सामान आत ठेवले. मग ते खाली उतरले आणि डब्याचे दार बाहेरून लावून पुन्हा उघडून पाहिले. एकदा, दोनदा. आतल्या प्रवाशांना वाटले, रेल्वेचा कोणी माणूस असेल.

‘उघडतं,’ ते मला खिडकीतून म्हणाले. ‘नीट उघडतं. जा आता.’

गाडी हलली तेव्हा ते दुसऱ्या कोणाच्या तरी डब्याचे दार बघत पुढे चालले होते. मी पाहिलेले काका ते शेवटचे.

मागच्या महिन्यात दादा रजेवर आला. अंगणात खाट टाकून बसलो होतो. त्याने बूट काढता काढता सांगितले, सोहोनीकाका गेले. थंडीत न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात जायला तयार नव्हते, घरीच होते. दादा शेवटच्या दिवशी भेटायला गेला होता.

मला रडू आले नाही. मी एवढेच म्हणालो, ‘मग?’

‘मग काय. बाकावर पडले होते, तिथंच दाराजवळ. काकी उशाशी होत्या. काहीतरी सिनेमाचंच बोलत होते दोघं, काकी हसत होत्या. वारा फार येत होता.’

‘मग?’

‘मग ते काकींना म्हणाले, थंडी वाजतेय गं, दार लावून घे.’

मी दादाकडे पाहिले. त्याला त्यात काही विशेष वाटले नव्हते. तो बुटाची नाडी सोडत होता.

‘मग?’ मी विचारले.

‘मग काकी उठल्या,’ दादा म्हणाला. ‘दार लावलं. कडी जुनी, गंजलेली, बसेना. मी जोर लावला, तेव्हा बसली.’